बंद करतानाच ठिणगी का पडते?

चालू मोटरचा मेन स्विच खाली ओढला की आतल्या पट्ट्यांमध्ये निळी ठिणगी उडते. तोच स्विच वर करताना एवढी मोठी ठिणगी दिसत नाही. करमाळा तालुक्यात, त्यातही उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, वांगी, कंदर या पट्ट्यात, ही ठिणगी न पाहिलेलं पोर सापडायचं नाही. पण तेच पोर बारावीला जातं, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलं बारावं प्रकरण उघडतं, आणि सेल्फ इंडक्शन, म्हणजे स्वयंप्रवर्तन, आलं की व्याख्या घोकायला बसतं. स्विचातली ठिणगी आणि पुस्तकातलं सूत्र ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे त्याच्या कानावर कधी आलेलंच नसतं.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मला सुचवायची आहे ती पद्धत एकच. कुठलीही संकल्पना शिकताना सूत्राला हात लावण्याआधी, ओळखीच्या एखाद्या वस्तूबद्दल तिच्यावरून भाकीत करायचं, ते वहीत लिहायचं आणि मग पडताळायचं. भाकीत बरोबर आलं तर बरंच. चुकलं तर जास्त बरं, कारण आपलं नेमकं कुठं अडलंय ते तिथंच कळतं. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी आणि संकल्पना कळलेला विद्यार्थी यांच्यातला फरक गणितात उशिरा दिसतो, भाकितात लगेच दिसतो.

सुरुवात विजेपासून नको, पाण्यापासून करू. फुगवट्यातून पाणी उचलून वरच्या रानात नेणाऱ्या पाइपलाइनी किलोमीटर-किलोमीटर लांब असतात. एक किलोमीटर लांबीच्या, आतून 10 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात सुमारे 7,850 लिटर पाणी असतं. म्हणजे पावणेआठ टनांहून थोडं जास्तच. ते सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असताना पुढचा कॉक झटक्यात बंद केला तर काय होईल? एवढं वजन चालता चालता थांबायला तयार नसतं. पीव्हीसी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण 400 मीटर वेगाने धावते असं धरलं, तर जादा दाब येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे 6 किलो. दुकानात ‘चार किलोचा पाइप’ म्हणून जो मिळतो तो का फुटतो, हे यावरून कळावं. तोच कॉक मिनिटभर लावून हळूहळू फिरवला तर पाइपाला काहीही होत नाही. पाणी तेवढंच, वेग तेवढाच, थांबला तोही पूर्ण. फरक पडला तो किती घाईने थांबवलं याचा.

स्वयंप्रवर्तनाचा गाभा इथंच आहे. तारेच्या कुंडलातून विद्युतधारा वाहू लागली की कुंडलाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठते. धारा बदलायला गेलात की क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच कुंडलात एक विभवांतर निर्माण करतं, जे त्या बदलाच्या आड येतं. धारा वाढवू पाहाल तर ते वाढू देत नाही, कमी करू पाहाल तर ती चालू ठेवायला बघतं. दुसऱ्या कुंडलाची गरज नाही, बाहेरच्या चुंबकाची नाही. स्वतःच्याच क्षेत्रामुळे स्वतःतच हे घडतं.

आता आकडे घेऊ. 12 व्होल्टची बॅटरी, 6 ओहम रोध आणि 0.5 हेन्री प्रवर्तकत्व (इंडक्टन्स) असलेलं एक कुंडल. थोडं थांबा आणि लिहा: बॅटरी जोडली त्या क्षणी धारा किती असेल? पुष्कळ जण 2 अँपिअर लिहितात, कारण ओहमचा नियम हाताशी असतो. त्या क्षणी धारा शून्य असते. ती शून्यापासून चढायला लागते, सुरुवातीला सेकंदाला 24 अँपिअर या वेगाने (12 भागिले 0.5), आणि जसजशी चढते तसतसा चढण्याचा वेग कमी होतो. प्रवर्तकत्व भागिले रोध, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात, ती 2 अँपिअरच्या 63 टक्क्यांवर, सव्वा अँपिअरच्या आसपास पोचते. अर्ध्या सेकंदाच्या आत जवळजवळ पूर्ण 2 अँपिअर होते. त्यानंतर कुंडल हे नुसती तार असल्यासारखं वागतं. विरोध संपलेला असतो, कारण बदल संपलेला असतो.

परीक्षेत बरेच गुण जातात ते या ठिकाणी. ‘प्रवर्तकत्व धारेला विरोध करतं’ हे वाक्य अर्धवट आहे, आणि म्हणून चूक आहे. धारेला विरोध करतो तो रोध. तो सतत करतो, आणि त्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. प्रवर्तकत्व विरोध करतं ते धारेतल्या बदलाला, आणि घेतलेली ऊर्जा ते साठवून ठेवतं, वेळ आली की परत देतं. एमएचटी-सीईटीत विचारला जाण्यासारखा फसवा प्रश्न घ्या: कुंडलातली धारा एखाद्या क्षणी शून्य असेल, तर त्यातलं प्रवर्तित विभवांतर शून्य असलंच पाहिजे का? आत्ताच पाहिलं, जोडणीच्या क्षणी धारा शून्य असते आणि विभवांतर पूर्ण 12 व्होल्ट. ज्याला हे उत्तर विचार न करता देता येतं त्याने पुढच्या परिच्छेदाला जावं. ज्याला नाही, त्याने मागचा परिच्छेद पुन्हा वाचावा. घाई कसली?

आता ठिणगी. त्याच कुंडलातून 2 अँपिअर वाहत असताना तार एकदम काढली आणि धारा एका मिलिसेकंदात शून्यावर आली असं धरा. बदलाचा वेग झाला सेकंदाला 2,000 अँपिअर. त्याला 0.5 ने गुणलं की 1,000 व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजार व्होल्ट आले कुठून? फुकट आले नाहीत. कुंडलाच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा, प्रवर्तकत्वाची निम्मी किंमत गुणिले धारेचा वर्ग, म्हणजे इथं 1 जूल, ती थोड्या वेळात बाहेर पडली एवढंच. पट्ट्या नुकत्या सुटत असतात तेव्हा त्यांच्यातली फट केसाएवढीही नसते, आणि कोरडी हवा मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्टला दाद देते. म्हणून हवाच क्षणभर वाहक होते आणि थांबू न इच्छिणारी धारा तिच्यातून वाट काढते.

मोटरमध्ये वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होणारी. त्यामुळे स्विच ओढला त्या क्षणी धारा नेमकी किती होती यावर ठिणगी लहान-मोठी ठरते. कधी मोठी, कधी नुसती चमक, असं का होतं याचं उत्तर यात आहे. यावरून घरी सांगण्यासारखी एक गोष्ट निघते. मोटर बंद करताना आधी स्टार्टरचं लाल बटण दाबायचं, मोटर थांबू द्यायची, मग मेन स्विच ओढायचा. स्टार्टरमधले कॉन्टॅक्ट धारा तोडण्यासाठीच बनवलेले असतात. मेन स्विचच्या पट्ट्यांवर रोज ठिणगी पाडत राहिलं की त्या खरबरीत होतात, नीट टेकत नाहीत, तापतात, आणि एखाद्या दिवशी तीनपैकी एक फेज मोटरपर्यंत पोचतच नाही. मग रिवायंडिंगवाल्याकडची फेरी ठरलेली. चालू मोटरवर फ्यूज ओढणं तर कुणीच करू नये.

ही ठिणगी ज्याने नीट पाहिली तो जोसेफ हेन्री अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारा मास्तर होता. 1832 साली छापलेल्या लेखात त्याने एक साधं निरीक्षण नोंदवलं. बॅटरीची टोकं फूटभर तारेने जोडली तर जोडताना किंवा तोडताना ठिणगी दिसत नाही. तीसचाळीस फूट तार घेतली तर जोडताना दिसत नाही, पण तोडताना लख्ख दिसते. आणि तीच तार गुंडाळून कुंडल केलं तर परिणाम आणखी वाढतो. फॅरेडेने इंग्लंडमध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं ते 1831 मध्ये. लेंझने दिशेचा नियम सांगितला 1834 मध्ये. तीन-चार वर्षांत तीन देशांत एकाच प्रश्नाच्या तीन बाजू उलगडल्या. प्रवर्तकत्वाच्या एककाला पुढे 1893 साली शिकागोच्या परिषदेत हेन्रीचं नाव मिळालं.

हेन्रीच्या शेवटच्या निरीक्षणापाशी पाण्याची उपमा सोडून द्यायला हवी. किलोमीटरभर पाइप सरळ टाकला काय किंवा वेटोळं करून ठेवला काय, आतलं पाणी तेवढंच राहतं. तारेचं तसं नाही. तार गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र बाकीच्या सगळ्या वेढ्यांतून जातं. म्हणून वेढे दुप्पट केले की प्रवर्तकत्व दुप्पट नाही, चौपट होतं. 25 सेंटिमीटर लांबीचं, 10 चौरस सेंटिमीटर छेदाचं, 500 वेढ्यांचं पोकळ नालकुंतल घेतलं तर प्रवर्तकत्व येतं सव्वा मिलिहेन्री. तेवढ्याच लांबीत 1,000 वेढे बसवले तर पाच मिलिहेन्री. आत लोखंडाचा गाभा सरकवला तर ते शेकडो पटींनी वाढू शकतं. पाण्यात जडत्व पाण्याचं असतं. इथं जे आहे ते इलेक्ट्रॉनचं वजन नव्हे, चुंबकीय क्षेत्राचा हिशेब आहे.

वाचून झालं, आता करून बघा. विजेच्या दुकानात जुन्या ट्यूबलाइटचे जड चोक भंगारात पडलेले असतात. इलेक्ट्रॉनिक चोक नको, आत तांब्याची तार असलेला जड पाहिजे. सोबत पेन्सिल सेल आणि एक लाल एलईडी. चोकच्या दोन टोकांना एलईडी जोडायचा, पण उलटा: ज्या टोकाला सेलचं ऋण टोक लागणार आहे तिथं एलईडीचा लांब पाय. आता सेल लावायच्या आधी लिहा: एलईडी कधी पेटेल? सेल लावल्यावर, लावलेला असताना, की काढल्यावर?

सेल लावला असताना तो पेटणार नाही. उलटा आहे, आणि लाल एलईडीला साधारण 1.8 व्होल्ट लागतात, सेल दीडच व्होल्टचा. सेल काढला की मात्र तो लुकलुकतो. धारा चोकमधून ज्या दिशेने वाहत होती त्याच दिशेने वाहत राहू पाहते, तिला सेलची वाट बंद झालेली असते, म्हणून ती एलईडीतून फिरते. आणि त्यासाठी लागणारं विभवांतर चोक स्वतः उभं करतो. लेंझच्या नियमातलं वजा चिन्ह एलईडीच्या पायांवरून दिसतं असा हा प्रयोग आहे. मला विचाराल तर पुस्तकातल्या चार आकृत्यांपेक्षा तो मोलाचा. चोक भिंतीतल्या प्लगला मात्र कधीही जोडायचा नाही. हा सगळा खेळ एका पेन्सिल सेलपुरताच.

जुन्या ट्यूबलाइटमध्ये चोकचं एक काम हेच होतं: स्टार्टर उघडला की शेकडो व्होल्टचा एक झटका देऊन नळीतला वायू पेटवायचा. पॉइंटवाल्या जुन्या मोटरसायकलींत प्लगची ठिणगी याच तत्त्वावर पडायची, फक्त तिथं कॉइलमध्ये दुसरं वेढण असल्याने विभवांतर आणखी कित्येक पट वाढायचं.

आता याच गोष्टीची पैशांची बाजू. मोटर म्हणजे मोठं कुंडल. प्रत्यावर्ती धारा सतत बदलत असते, त्यामुळे प्रवर्तकत्वाचा विरोधही सतत चालू असतो आणि धारा विभवांतराच्या मागे पडते. मोटर चुंबकीय क्षेत्र उभं करायला थोडी ऊर्जा घेते, परत देते, पुन्हा घेते. या देवाणघेवाणीने पाणी उचललं जात नाही, पण तारा मात्र तापतात. कपॅसिटरचं वागणं याच्या बरोबर उलट. तो ज्या वेळी देतो त्या वेळी कुंडल घेतं. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना कपॅसिटर बसवायला सांगतं.

पाच एचपीची मोटर घेऊ. 80 टक्के कार्यक्षमता आणि 0.8 पॉवर फॅक्टर धरला तर ती 415 व्होल्टवर सुमारे 8.1 अँपिअर घेते. दोन केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की लाइनमधून येणारी धारा 6.8 अँपिअरपर्यंत उतरते. मोटर तेवढंच काम करते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिथलं नुकसान साधारण 30 टक्क्यांनी घटतं, आणि तेवढा भार डीपीवरूनही उतरतो. एका डीपीवरच्या सगळ्यांनी कपॅसिटर बसवले तर उन्हाळ्यात डीपी जळण्याचं प्रमाण कमी होईल, हे सांगायला बारावीचा हिशेब पुरतो. बाकी अडचण हिशेबाची नाही.

यात एक बारकावा आहे. कपॅसिटर जिथं बसवला तिथून मागे, म्हणजे डीपीच्या बाजूला, धारा कमी होते. पुढे मोटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये ती पूर्वीइतकीच राहते. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की मोटरी पुढे न्याव्या लागतात, केबल वाढवावी लागते. समजा 10 चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची केबल 500 मीटर वाढवली. एका तारेचा रोध सुमारे 1.4 ओहम, 8.1 अँपिअरला तीन फेजच्या हिशेबाने 415 पैकी जवळपास 20 व्होल्ट वाटेतच गेले. कपॅसिटर स्टार्टरच्या पेटीत असेल तर हे 20 व्होल्ट वाचत नाहीत. ओहमचा नियम नववी-दहावीतला. तो इथं, गाळात पाय रुतवून केबल ओढताना, जास्त चांगला कळतो.

मोटर पाण्याच्या मागेमागे का न्यावी लागते, हाही प्रश्न तिथंच विचारावा. वर ठेवून लांब सक्शन पाइप सोडला तर नाही का चालणार? पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. हवेचा दाब जास्तीत जास्त 10.3 मीटर पाणी पेलतो. व्यवहारात सहासात मीटरच्या वर भरवसा नाही. जुन्या खोल विहिरींत मोटरीसाठी अर्ध्यावर ओटा बांधलेला असतो तो याचसाठी, आणि बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडतात तीही याचसाठी. ढकलायला मर्यादा नाही, ओढायला आहे.

रसायनशास्त्राकडे वळताना केमला जाऊ. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत ज्या गुणावर उभी आहे तो प्रत्येकाने घरी पाहिलेला असतो: हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीतलं कुरक्युमिन आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळं असतं, सामू साधारण साडेआठच्या वर गेला की तांबडं होतं. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला, साबण लावल्यावर तो लाल झाला. भाकीत लिहा: वर लिंबू पिळलं तर? दुसरं जरा अवघड: चुन्याची निवळी ताटलीत उघडी ठेवली आणि रोज थेंबभर हळदीवर टाकून पाहिली, तर आठवडाभरात रंगात फरक पडेल का?

लिंबाने डाग पुन्हा पिवळा होतो, हे बहुतेकांना जमतं. निवळीचं उत्तर असं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्यात विरघळत जातो, वर पांढरी साय धरते, सामू उतरतो आणि हळदीचा लाल रंग फिका पडत जातो. ती साय म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ठिबकच्या ड्रिपरमध्ये बसणारा, पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर चढणारा पांढरा क्षार बहुतांशी हाच.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं आणि त्याचं कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संतुलन असतं. पाणी तापवलं की वायू निघून जातो आणि संतुलन क्षाराच्या बाजूला झुकतं. ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच: संतुलनात ढवळाढवळ केली की ते त्या बदलाला थोपवण्याच्या दिशेने सरकतं. इथं मुलांना लेंझ आठवतो, आणि आठवावाच. पण दोन्ही एक मानू नका. कुंडलाचा विरोध धारेला उशीर लावतो. शेवटी 2 अँपिअर व्हायचे ते होतातच. रासायनिक संतुलन मात्र शेवटी नव्याच ठिकाणी स्थिरावतं, केलेला बदल काही अंशी पुसून. लेंझचा नियम तर ऊर्जेच्या अक्षय्यतेतून निघतो. वजाच्या जागी अधिक चिन्ह असतं तर धारा आपली आपण वाढत गेली असती आणि वीजबिल कुणालाच आलं नसतं.

ठिबकला अॅसिड देताना सामू साधारण 4 पर्यंत उतरवतात. सात वरून चार म्हणजे आम्लता तिप्पट नव्हे. सामूच्या प्रत्येक अंकाला दहापट, म्हणजे हजारपट. आणि बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात सुरुवातीला अॅसिड घालत गेलं तरी सामू फारसा हलत नाही, नंतर एकदम कोसळतो. म्हणून शेजाऱ्याचं प्रमाण आपल्या बोअरला लागू पडत नाही. आपलं पाणी बादलीत घेऊन, मोजून अॅसिड टाकत, सामूच्या कागदाने बघायचं. प्रयोगशाळेतलं टायट्रेशन म्हणतात ते हेच. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीही नाही. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट त्याच वेळी, त्याच टाकीत अजिबात नको; क्लोरिन वायू सुटतो.

मोल ही कल्पना बहुतेकांना नुसती आकडेमोड वाटते. कंदरकडच्या केळीवर ती घासून बघा. केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, कारण त्यासोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी अशुद्धी येते. पिकवण केंद्रात इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत चालतो. चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच खोलीत हवा 36,000 लिटर. दहा लाखांत शंभर या हिशेबाने इथिलीन लागेल 3.6 लिटर. एका मोलची जागा पिकवण खोलीच्या तापमानाला 24 लिटरच्या आसपास, आणि इथिलीनचा मोल 28 ग्रॅम. तेव्हा अख्ख्या खोलीला वायू लागतो चार ग्रॅमच्या जरा वर.

अकरावी-बारावीच्या मुलाला घरात दोन वस्तू द्याव्यात असं मी सुचवेन: साधा मल्टिमीटर आणि सामूच्या कागदांची पुडी. दोन्ही मिळून एका गाइडच्या किमतीत बसतात. वहीच्या डाव्या पानावर भाकीत, उजव्या पानावर काय झालं ते; डावीकडचं खोडायचं नाही. सुरुवातीला दोन प्रश्न देतो, उत्तरं देत नाही. पॉइंटवाल्या जुन्या मोटरसायकलमध्ये पॉइंटांना समांतर एक छोटा कंडेन्सर असायचा. तो काढून टाकला तर पॉइंटांवरची ठिणगी वाढेल की कमी होईल, आणि प्लगवरची? आणि वरच्या चोकच्या प्रयोगात एकाऐवजी दोन सेल एकापुढे एक लावले, तर एलईडीच्या चमकेत जाणारी ऊर्जा दुप्पट होईल की चौपट?